मासळीचं रक्षण जेटीवर होतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: महाराष्ट्राचा मत्स्यव्यवसाय विभाग समुद्रातली मासळी आणि कासवं, डॉल्फिन यांच्यासारखे जीव राखण्यासाठी नेमकं करतो काय? आणि परवाने, पावसाळी बंदी, दंड, आता ड्रोन, एवढं सगळं असूनही पापलेट लहान आणि महाग का होत चाललंय? परवाना आणि अंमलबजावणीच्या कामात माझी नोकरी गेली, पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, आणि काही ठिकाणी मत माझं असेल, विभागाचं नाही.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाकतो. विभाग मासे सांभाळत नाही. समुद्रात किती पापलेट आहेत हे कोणत्याही अधिकाऱ्याला ठाऊक नसतं. विभाग सांभाळतो ती माणसं, नौका, जाळी आणि दिवस. कोणी समुद्रात जायचं, कोणतं जाळं घेऊन, किती आत आणि वर्षातले कोणते महिने, एवढ्या चारच गोष्टींवर त्याचा हात पोहोचतो. नॉर्वेसारख्या देशात प्रत्येक जातीचा कोटा ठरतो आणि प्रत्येक नौकेला तिचा वाटा मिळतो. आपल्याकडे ट्रॉलच्या, म्हणजे नौकेमागे ओढायच्या पिशवीसारख्या जाळ्याच्या, एका ओढीत बोंबील, मांदेली, कोळंबी, ढोमा, बला, माकूल असं सगळं एकत्र वर येतं आणि ते 150हून अधिक बंदरांवर टोपल्यांनी उतरतं. तिथे जातवार कोटा मोजायचा कोणी आणि कधी? म्हणून आपण मासळीवर नाही, मासेमारीवर लगाम घालतो.

आकडे येतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेकडून, म्हणजे सीएमएफआरआयकडून. त्यांची माणसं ठरावीक पद्धतीने निवडलेल्या बंदरांवर निवडलेल्या दिवशी उभी राहून उतरलेली मासळी नोंदवतात, आणि त्यावरून राज्याचा अंदाज काढला जातो. हे आकडे वाचताना मात्र जरा थांबावं. 2018मध्ये महाराष्ट्रात सुमारे 2.95 लाख टन मासळी उतरली होती, 2019मध्ये ती 2.01 लाख टनांवर आली. पंचेचाळीस वर्षांतला नीचांक म्हणून वर्तमानपत्रांत मथळे झाले. पण त्याच वर्षी ऐन हंगामात ‘क्यार’ आणि ‘महा’ ही चक्रीवादळं एकामागोमाग आली आणि नौका बंदरात बांधून पडल्या. म्हणजे त्या घसरणीत मासा किती घटला आणि मासेमारीचे दिवस किती घटले, हे वेगळं काढावं लागतं. उलटही घडतं. एकूण टन तेवढेच दिसतात, पण मोठ्या माशाची जागा छोट्याने आणि कुटीने, म्हणजे फिशमीलला (माशांच्या भुकटीला) जाणाऱ्या फुटकळ मासळीने, घेतलेली असते. मला विचाराल तर बंदरावरचा टनांचा आकडा मी दुसऱ्यांदा पाहतो. आधी टोपलीतल्या माशाची लांबी पाहतो.

आता हद्द. ही गोष्ट लोकांना सर्वांत कमी ठाऊक असते आणि सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू होते. राज्यघटनेनुसार किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे साधारण 22 किलोमीटरपर्यंतची मासेमारी हा राज्याचा विषय. त्यापुढे 200 सागरी मैलांपर्यंत केंद्राचा. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981चा आहे आणि तो चालतो तो 12 मैलांच्या आत. नौकेची नोंदणी होते केंद्राच्या कायद्याखाली, ‘रिअलक्राफ्ट’ या ऑनलाइन प्रणालीवर. मासेमारीचा परवाना देतं राज्य. 12 मैलांबाहेर गस्त घालतं तटरक्षक दल, आत राज्याची गस्ती नौका आणि सागरी पोलीस. कासव जाळ्यात आलं तर वन्यजीव कायदा लागू, म्हणजे वनविभाग. खाडीत रसायन सोडलं तर प्रदूषण नियंत्रण मंडळ. एका समुद्रावर इतकी कार्यालयं. मच्छीमार संघटनांच्या बैठकीत ‘हे आमच्या अखत्यारीत येत नाही’ हे वाक्य किती वेळा ऐकू येतं ते विचारू नका. गंमत म्हणजे ते बहुतेक वेळा खरंच असतं.

मालवण-विजयदुर्गसमोर खोल समुद्रात शंभराहून अधिक किलोमीटरवर अँग्रिया बँक हा प्रवाळांचा बुडालेला पठारी भाग आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा. महाराष्ट्राचा अभिमान म्हणून आपण त्याविषयी बोलतो, पण तो राज्याच्या जलधीच्या कितीतरी बाहेर असल्याने तिथे कोणी जाळं टाकलं तर राज्याचा अधिकारी प्रतिवेदन दाखल करू शकत नाही.

प्रतिवेदन म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण विभागाची सगळी ताकद किंवा कमजोरी त्या कागदात आहे. गस्ती नौकेवरच्या अधिकाऱ्याला एखादी नौका नियम मोडताना सापडली की तो जागेवर पंचनामा करतो, अक्षांश-रेखांश नोंदवतो, नौका बंदरात आणून अवरुद्ध करतो, म्हणजे अडकवून ठेवतो, मासळीचा लिलाव करतो आणि निकाल देणाऱ्या अभिनिर्णय अधिकाऱ्यापुढे प्रतिवेदन, म्हणजे लेखी तक्रार ठेवतो. सुनावणी होते, मग दंड. 2021पर्यंत हा अभिनिर्णय अधिकारी म्हणजे तहसीलदार असे. तहसीलदाराच्या टेबलावर सातबारा, निवडणूक, पूर, दाखले, दौरे, आणि त्यांच्या तळाशी ट्रॉलरची फाईल. सुनावण्या रेंगाळत. दंडाची रचना तर त्याहून विचित्र होती. तो पकडलेल्या मासळीच्या किमतीशी बांधलेला, जास्तीत जास्त पाचपट. मासळी हजार रुपयांची किंवा कमी असेल तर कमाल पाच हजार. आता तुम्ही तांडेल, म्हणजे नौकेचे प्रमुख आहात आणि समोरून गस्ती नौका येताना दिसली, तर काय कराल? मासळी समुद्रात ओताल. नौकेत मासळीच नाही तर दंड कशाचा? आणि मासळी सापडलीच, तरी बंदरावरच्या लिलावात बोली पडायची ती ओळखीच्या व्यापाऱ्यांची. किंमत पडली की दंडही पडला. लाखोंच्या नौकेला काही हजारांचा दंड म्हणजे तो खर्चाच्या वहीत बर्फाशेजारी लिहिला जायचा.

2021च्या दुरुस्तीने हे दोन्ही बदललं. अभिनिर्णयाचं काम मत्स्यव्यवसाय विभागाच्याच सहायक आयुक्ताकडे आलं, आणि दंड मासळीच्या किमतीपासून सोडवून गुन्ह्याला जोडला गेला. एलईडी दिव्यांनी मासेमारी केली तर 5 लाखांपासून 20 लाखांपर्यंत. विनापरवाना पर्ससीन, परराज्यातली नौका, कमी लांबीची मासळी, सगळ्यांसाठी दंडाचे लाखांतले टप्पे. माझ्या मते या चाळीस वर्षांत महाराष्ट्राच्या समुद्रासाठी झालेली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ड्रोन नंतर. पकडणाऱ्यानेच निकाल द्यायचा का, ही शंका रास्त आहे, म्हणून अपिलाची सोय आहे. पण तहसीलदाराच्या काळात निकालच लागत नव्हता हे विसरून ती शंका घेऊ नये.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. एवढे नियम असून मासा का घटतो?

पर्ससीनचं उदाहरण घेऊ. पर्ससीन म्हणजे माशांच्या थव्याभोवती भिंतीसारखं जाळं टाकून खालून दोरीने त्याचं तोंड आवळायचं. बांगडा, तारली, कुपा अशा थव्याने फिरणाऱ्या मासळीवर हे जाळं जबरदस्त चालतं. इतकं, की किनाऱ्याजवळच्या थव्यावर एक पर्ससीन पडलं की सिंधुदुर्गातल्या रापणकऱ्यांच्या अख्ख्या संघाला त्या दिवशी रिकाम्या जाळ्याने परतावं लागतं. रापण म्हणजे गावाने मिळून किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, त्यात वाटेकरी पुष्कळ. भांडण आहे ते एवढ्यासाठी. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्याने 5 फेब्रुवारी 2016ला आदेश काढला. पर्ससीनला मुभा फक्त 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर, पालघरमधल्या झाईपासून रायगडमधल्या मुरूडपर्यंतच्या पट्ट्यात मज्जावच, आणि परवान्यांची संख्या 495वरून 262 आणि अखेरीस 182वर आणायची. कागदावर हा उत्तम आदेश होता. मी आजही त्याच्या बाजूने आहे.

पण परवाना रद्द झाल्याने नौका नाहीशी होत नाही. त्या नौकेवर बँकेचं कर्ज असतं, तीसेक खलाशांचा हंगाम ठरलेला असतो, जाळ्यातच लाखो रुपये अडकलेले असतात. मग तीच नौका ट्रॉलच्या किंवा गिलनेटच्या (पाण्यात पडद्यासारखं सोडायचं जाळं, ज्यात मासा कल्ल्यांनी अडकतो) परवान्यावर बाहेर पडते आणि जाळं पर्ससीनचं टाकते. काहींनी ‘मिनी पर्ससीन’ म्हणून पळवाट काढली. तिसऱ्यांनी 12 मैलांच्या बाहेर आम्ही केंद्राच्या हद्दीत आहोत असा पवित्रा घेतला आणि न्यायालयात गेले. परवान्यांची संख्या कमी करणं आणि मासेमारीची ताकद कमी करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. नौका तेवढ्याच राहिल्या तरी इंजिनाची अश्वशक्ती वाढते, पाण्याखालचे थवे दाखवणारा फिश फाइंडर येतो, जीपीएसमुळे सापडलेली जागा पुन्हा सापडते, बर्फाची खण मोठी होते. परवान्याच्या पुस्तकात यातलं काहीच दिसत नाही. नौका तीच, नाव तेच, मालक तोच.

एलईडीचं प्रकरण याचंच टोक. जनरेटर लावलेली एक ‘लाइट बोट’ रात्री पाण्यावर प्रखर उजेड पाडते, प्रकाशाकडे झेपावणारी मासळी गोळा होते, लहानमोठी सगळी, आणि पर्ससीनवाला ती एकदम घेरतो. केंद्राने 10 नोव्हेंबर 2017ला संपूर्ण अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे 200 सागरी मैलांपर्यंत, यावर बंदी घातली. राज्याच्या हद्दीतही बंदी आहे. तरी ते चालतं, कारण रात्री तीस मैलांवर तुम्ही पोहोचेपर्यंत दिवे मालवलेले असतात, आणि ‘दिवे होते, पण लावले नव्हते’ हे उत्तर तयार असतं. समुद्रात याला पकडणं हा पोरखेळ आहे, आणि त्यात पोर आपण असतो. पण त्याच नौकेला डिझेल, बर्फ आणि गिऱ्हाईक कुठे मिळतं? बंदरात. तिच्यावरचा मोठा जनरेटर आणि दिव्यांचे खांब दिवसाढवळ्या कुणालाही दिसतात. बोंबील-पापलेटच्या गिलनेट नौकेला एवढ्या विजेची गरज काय, हा प्रश्न जेटीवर उभं राहून विचारता येतो. त्यासाठी गस्ती नौका लागत नाही, फक्त बंदरातल्या मंडळींशी वाईटपणा घ्यायची तयारी लागते. ती कमी पडते. ज्या गावात राहायचं, तिथल्याच नाखव्याची, म्हणजे नौकामालकाची, नौका अवरुद्ध करायची हे सोपं काम नाही. अधिकाऱ्यांची बदली होते, नाखवा तिथेच असतो.

विभागाच्या हातातली सर्वांत चांगली साधनं किनाऱ्यावरची आहेत, असं मी म्हणतो ते म्हणून. 26 नोव्हेंबर 2008च्या हल्ल्यात ‘कुबेर’ ही मासेमारी नौका वापरली गेली. त्यानंतर सुरक्षेसाठी जे आलं, म्हणजे बायोमेट्रिक ओळखपत्र, प्रत्येक राज्याच्या नौकांना ठरवून दिलेले रंग, समुद्रात जाण्याआधीचं टोकन, बंदरावरचे सुरक्षा रक्षक, ते मासळी व्यवस्थापनालाही उपयोगी पडलं. टोकनमुळे कोणती नौका कधी गेली, कधी आली हे कळतं. आणि दुसरं, डिझेलवरच्या कराचा परतावा. यांत्रिक नौकेच्या खर्चात डिझेलचा वाटा सर्वांत मोठा. परतावा मिळतो तो सहकारी संस्थेमार्फत, आणि नौकेची नोंदणी, परवाना, कागद नीट असतील तरच. एखाद्या नौकेचा डिझेल कोटा थांबला की मालक दुसऱ्या दिवशी कार्यालयात हजर होतो. पाच लाखांच्या दंडाविरुद्ध तो अपील करेल. डिझेलसाठी मात्र बोलायला बसेल.

पापलेटची लांबी हा तुमचा खरा सल आहे, तर तिथे येऊ. पालघरमधल्या सातपाटीच्या मच्छीमार संस्था पापलेटची पिल्लं मारू नका म्हणून कित्येक वर्षं कंठशोष करत होत्या. मच्छीमारांनी स्वतःच मासेमारीवर बंधन मागावं, असं फार कमी ठिकाणी घडतं. 2023च्या सप्टेंबरमध्ये रुपेरी पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. (त्याच वर्षी गुजरातने घोळ निवडला. दोन्ही मासे दोन्ही राज्यांच्या समुद्रात फिरतात, त्यांना हे कोणी कळवलेलं नाही.) त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्याने 54 जातींसाठी किमान कायदेशीर लांबी जाहीर केली. पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180, सुरमई 370. याहून लहान मासा पकडणं हा गुन्हा आणि तो विकत घेणं हाही गुन्हा. केरळने हे 2015मध्ये 14 जातींपासून सुरू केलं होतं. आपल्याला आठ वर्षं जास्त लागली.

लांबीच्या नियमामागचं तर्कशास्त्र साधं आहे. माशाला निदान एकदा अंडी घालायची संधी मिळावी. पण मासा जाळ्यातून वर आला तेव्हा तो मेलेला असतो. 120 मिलिमीटरचं पापलेट परत पाण्यात टाकून कायदा पाळला जाईल, पापलेट जगणार नाही. म्हणून खरा नियम जाळ्याच्या आसाचा, म्हणजे विणीतल्या भोकाच्या मापाचा आहे. ट्रॉलच्या शेवटच्या पिशवीला 40 मिलिमीटरची चौकोनी आस असावी असा नियम आहे. चौकोनी का? तिरप्या, हिऱ्याच्या आकाराच्या आसाचं जाळं ओढताना ताण येऊन मिटतं आणि आस 40ची असली तरी लहान मासा अडकतो. चौकोनी आस ओढतानाही उघडी राहते. डोलजाळ्याचं दुखणं आणखी वेगळं. ते प्रवाहात खुंटाला बांधलेलं असतं, भरती-ओहोटी त्यात मासळी आणून घालते आणि खोल्याची, म्हणजे शेवटच्या पिशवीची, आस बारीकच ठेवावी लागते, कारण त्यांना जवळा, मांदेली, करंदी हवी असते. तिची पूर्ण वाढ झाली तरी ती बोटभर. त्याच खोल्यात पापलेटची पिल्लं येतात. मोठी आस सक्तीची केली तर वसई, उत्तन, वर्सोव्याच्या डोलकरांचा धंदाच बंद. इथे एक नियम सगळ्या किनाऱ्याला लागू पडत नाही आणि हे मंत्रालयातून दिसत नाही. पिल्लं जिथे आणि ज्या महिन्यांत दाट असतात, तिथली जागा तेवढ्या काळापुरती मोकळी सोडायची, हा यावरचा जरा बरा उपाय. तो संस्थांच्या सहीशिवाय चालत नाही. डोलकर आणि गिलनेटवाले यांच्यात कवींच्या, म्हणजे समुद्रात रोवलेल्या डोलजाळ्याच्या खुंटांच्या, जागेवरून आधीच जुनी तेढ आहे, त्यामुळे ही सही मिळवणं म्हणजे विभागाचं खरं कौशल्य. परिपत्रक काढायला ते लागत नाही.

आणि विकत घेणारा. कायद्यात आता व्यापारीही आला आहे, पण प्रत्यक्ष कारवाईची दिशा अजून नौकेकडेच आहे. नौका हजारो, त्यांची माणसं विखुरलेली. घाऊक घेणारे व्यापारी, बर्फ कारखाने आणि फिशमीलचे कारखाने मोजके. लहान मासळीला कुटीचा भाव मिळतो तोवर ती कोणीतरी आणणारच. पहाटे पाचला घाऊक बाजारात मोजपट्टी घेऊन उभा राहिलेला एक कर्मचारी जे साधेल, ते गस्ती नौका महिनाभर डिझेल जाळून साधणार नाही. हे मी सेवेत असताना बोलत होतो, अजूनही बोलतो.

पावसाळी बंदीबद्दल सगळेच बोलतात, म्हणून थोडक्यात. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस. यंत्र नसलेल्या पारंपरिक होड्यांना सूट. पूर्वी आपल्याकडे नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून नौका सोडायची रीत होती आणि सरकारी बंदीही त्याच्या आसपास संपे. केंद्राने तारखा एकसारख्या केल्यावर आपण 1 ऑगस्टला सुटू लागलो. बंदी 15 ऑगस्टपर्यंत न्या, अशी मागणी पारंपरिक मच्छीमार करतात ती मला पटते. पावसाळ्यात जन्मलेली पिल्लं ऑगस्टमध्ये जाळ्यात सापडण्याएवढी झालेली असतात, विकण्याएवढी नाही. दोन महिने अंडी राखायची आणि तिसऱ्या महिन्यात पिल्लं उचलायची, यात फार शहाणपण नाही. पण एकट्या महाराष्ट्राने वाढवली तर शेजारच्या राज्यांचे ट्रॉलर रिकाम्या समुद्रात शिरणार, ही भीतीही खोटी नाही. कर्नाटकातल्या मलपीचे हायस्पीड ट्रॉलर सिंधुदुर्गात काय करतात ते देवगड-मालवणच्या माणसाला सांगावं लागत नाही.

कासवं आणि डॉल्फिन. इथे विभाग एकटा नाही, वनविभागाचा कांदळवन कक्ष मुख्य आहे, आणि इथला अनुभव मासळीपेक्षा आशादायक आहे. डिसेंबर 2018पासून एक योजना चालू आहे. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क यांसारखा संरक्षित जीव जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई. पुरावा म्हणून मोबाइलवरचं चित्रण किंवा फोटो. यात मला भरपाईपेक्षा चित्रण मोलाचं वाटतं. पूर्वी जाळ्यात व्हेल शार्क आला तर तांडेल तोंड उघडत नसे, कारण 2001पासून तो वाघाच्या बरोबरीने संरक्षित, आणि बोललं तर गुन्हा अंगावर. आता तोच माणूस स्वतः चित्रण पाठवतो. त्यामुळे कुठल्या भागात, कोणत्या महिन्यात, कोणत्या जाळ्यात काय अडकतं हे पहिल्यांदा कळू लागलं. शिक्षेच्या धाकाने ही माहिती कधीच मिळाली नसती.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासचंही तसंच. 2002मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, आणि अंडी पळवणारे हातच पुढे घरट्यांवर पहारा देऊ लागले. याउलट मालवण सागरी अभयारण्य. 1987मध्ये जाहीर झालं, 29.12 चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात. मच्छीमारांना विश्वासात न घेता जाहीर झालं, त्यांनी विरोध केला, तो अजून संपलेला नाही. अभयारण्य नकाशावर राहिलं. आखताना मी तिथे नव्हतो, पण नंतर गावागावांतून त्याचा राग ऐकला आहे.

ट्रॉलमध्ये कासव अडकू नये म्हणून ‘टेड’ नावाची जाळी बसवायची असते. ट्रॉलच्या मानेत तिरकी लोखंडी चौकट, कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव चौकटीवर आपटून वरच्या झडपेतून बाहेर पडतं. अमेरिकेच्या 1989च्या कायद्यानुसार टेड नसलेल्या देशाची समुद्रातली कोळंबी ते घेत नाहीत, आणि भारताची ती बाजारपेठ त्यामुळे बंद आहे. महाराष्ट्राच्या सुधारित कायद्यात टेड आलं. ट्रॉलरवाले म्हणतात, कासवाबरोबर कोळंबी आणि मोठा मासाही निघून जातो. थोडा जातो, हे खरं आहे. पण निर्यातीचा भाव पडल्याने त्यांचं होणारं नुकसान त्याहून मोठं आहे, आणि हा हिशेब त्यांच्यापुढे कोणी नीट मांडत नाही. बंदरावर तपासणीवेळी टेड जाळ्यात असतं, समुद्रात गेल्यावर शिवण उसवली जाते. सगळ्या देशांत हेच रडगाणं आहे.

कासवाला हद्द नसते याचा दाखला हवा असेल तर: 2021मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर पट्टी लावलेली एक मादी 2025च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली. पूर्व किनाऱ्यावर तिला वाचवलं म्हणून ती इथे आली. इथे तिला मारलं असतं तर ओडिशाची मेहनत वाया.

काही गोष्टी विभागाच्या आवाक्याबाहेर आहेत आणि त्यासाठी त्याला दोष देणं अन्याय होईल. मुंबईचं सांडपाणी, खाड्यांतला गाळ आणि रसायनं, कांदळवनांवरचा भराव. वाढवण बंदराला 2024मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, 76 हजार 200 कोटींचा प्रकल्प. डहाणू-सातपाटीसमोरचा तो पट्टा म्हणजे पापलेट-घोळीचा जुना समुद्र. अशा निर्णयात मत्स्यव्यवसाय विभागाच्या वाट्याला येतं ते बाधितांची यादी करणं आणि भरपाईचं सूत्र. अंडी घालायची जागा गेली, तर 135 मिलिमीटरच्या मोजपट्टीने काय मोजायचं?

राहिले ड्रोन. 9 जानेवारी 2025पासून किनाऱ्यावर नऊ ठिकाणांहून ते उडतात, शिरगावपासून देवगडपर्यंत. त्यांचा उपयोग आहे. अनधिकृत नौकेचं चित्रण वेळेसह आणि अक्षांश-रेखांशासह मिळतं आणि सुनावणीत ‘मी तिथे नव्हतोच’ हे चालत नाही. पूर्वी पंचनाम्यावर पंच म्हणून सही करायला कोणी तयार नसे, ती अडचण बरीच सुटली. पण ड्रोनला नौकेचा क्रमांक दिसला पाहिजे, आणि नियम मोडणारा तो ताडपत्रीने झाकतो. जाळ्याची आस ड्रोनला दिसत नाही. 12 मैलांबाहेर तो जात नाही. तिथल्यासाठी केंद्राने नोव्हेंबर 2025मध्ये नवे नियम आणले. यांत्रिक नौकांना बाहेरच्या क्षेत्रात मासेमारीसाठी रिअलक्राफ्टवरून प्रवेशपत्र घ्यावं लागेल, पारंपरिक होड्यांना ते लागणार नाही. हे प्रवेशपत्र राज्याच्या परवान्याशी आणि डिझेलच्या कोट्याशी जोडलं, म्हणजे तेराव्या मैलावर एलईडी लावणाऱ्याचं डिझेल रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात थांबलं, तर हद्दीची जुनी पळवाट बंद होईल. जोडलं नाही तर अजून एक ऑनलाइन अर्ज.

शेवटी तुम्ही विचारलं होतं की ग्राहक म्हणून काही करता येईल का. बाजारात जाताना खिशात मोजपट्टी ठेवा असं मी सांगणार नाही, कोळीण तुम्हाला तीच दाखवून परत पाठवेल. पण तळहाताएवढंही नसलेलं पापलेट स्वस्त आहे म्हणून घेऊ नका. जून-जुलैत ताजी म्हणून विकली जाणारी समुद्रातली सुरमई कुठून आली ते विचारा. घाऊक बाजारात पिल्लांचे क्रेट दिसले तर त्यांचा फोटो, जागा आणि वेळ जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार फाईलवर चढत नाही, पोच दिलेल्या अर्जाला मात्र उत्तर द्यावं लागतं.